घमेल्यातला प्रश्न



राबावर भात पेरायच्या आधी आपण बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतो. १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे ३ टक्के. पोचट दाणे वर येतात, भरलेले तळाला बसतात. शहापूर-मुरबाडच्या भातवाल्यांना यात नवीन काही नाही.

यंदा घमेल्याजवळ माझी मुलगी येऊन बसली. जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, आता चौथीत जाईल. वरचे दाणे काढून मी कोंबड्यांना टाकायला निघालो, तर म्हणाली, "बाबा, हे सगळे पोचटच आहेत हे तुला कसं कळलं?"

आभाळ भरून आलेलं, कामं पडलेली. मी खेकसलो, "तरंगतंय म्हणजे पोचट. गप बस."

ती गप्प झाली आणि तेच मला लागलं. लहानपणी माझे प्रश्नही असेच गप्प झाले होते. मागे फिरलो, दाणे परत घमेल्यात ओतले. म्हटलं, "घे, तूच बघ."

तिनं काठीनं पाणी चांगलं ढवळलं. वरचे बरेच दाणे खाली बसले! तुसाला हवेचे बुडबुडे चिकटले की भरलेला दाणाही तरंगतो. म्हणजे इतकी वर्षं नीट न ढवळता मी चांगलं बियाणंही कोंबड्यांना घालत होतो.

मग बुडालेले २० आणि ढवळूनही तरंगलेले २० दाणे साध्या पाण्यानं धुऊन तिनं ओल्या फडक्यांत वेगवेगळे बांधले. रोज मोजायची, वहीत कोंबांची चित्रं काढायची. बुडालेले जवळजवळ सगळे उगवले. तरंगलेल्यांतलेही दोन-चार उगवले, पण कोंब बारीक. म्हणाली, "बाबा, तू थोडा बरोबर होतास."

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, कला, गणित एकत्र शिकवायचं, याला हल्ली 'स्टीम' म्हणतात. हातानं काम करता करता पोर शिकतं, याच भरवशावर डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यासाठी लागणारं सामान आपल्या पडवीतही पडलंय. कमी पडतो तो आपला धीर.

कृषी सहायकांनाही विनंती. गावात बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक घ्याल तेव्हा पोरांना मागे हटवू नका. औषध चोळायचं काम आपलंच, हातमोजे घालून. पण मिठाच्या पाण्यापुरती काठी त्यांच्या हातात द्या. आणि ते विचारतील ते ऐकून घ्या.