पंपात उरलं किती?

डॉक्टर मॅडमनी दोन पंप लिहून दिले. एक रोजचा, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पफ. दुसरा निळा, धाप लागली तरच. ओठ कसे मिटायचे, श्वास किती वेळ धरायचा, रोजच्या पंपानंतर चूळ भरायची, सगळं नीट समजावलं. मी मान डोलावत राहिलो. घरी आल्यावर मात्र भलताच प्रश्न पडला. हे संपत आलंय ते कळायचं कसं? गोळ्यांची स्ट्रिप असती तर रिकामी घरं दिसली असती. ही तर बंद डबी, आरपार काही दिसायची सोय नाही.

सल्ले फुकट मिळाले आणि भरपूर मिळाले. वहिनी म्हणाली, "हलवून बघा ना भावोजी, आत खळखळतं की." शेजारचे काका जुने दमेकरी. त्यांचा आवाज ठाम: "डबी काढ आणि पाण्यात सोड. बुडली तर भरलेली, आडवी तरंगली तर रिकामी." मेडिकलवाल्याने मान वर न करताच निकाल दिला, "हवेत एक मारून बघा. फुस्स झालं, म्हणजे आहे." निळ्या डबीवर तिन्ही परीक्षा झाल्या. ती खळखळली, फुस्सही झाली, आणि पाण्यात धड बुडेना, धड तरंगेना. आता विश्वास कुणावर ठेवायचा?

पुढच्या तपासणीला हीच शंका पुढे केली. मॅडम हसल्या. "अहो, फुस्स होतो तो गॅस. औषध त्यात किती असतं, ठाऊक आहे?" मग त्यांनी हिशोबच मांडला. निळ्या पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल. डबी २०० पफची. म्हणजे सगळं मिळून २० मिलिग्रॅम! बाकी डबीत दाबाखाली द्रवरूप केलेला गॅस, औषध बाहेर ढकलायला. तो मुद्दाम जास्तच भरलेला असतो. त्यामुळे २०० पफ संपले तरी पंप फवारत राहतो, पण त्या फवाऱ्यात औषध किती येईल याचा भरवसा नाही. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरवर ओला फडका फिरवून अंदाज येतो, कारण तिथे उरलेला गॅसच कामाचा. इथे तो नुसता उरून उपयोग काय? आणि पाण्याची परीक्षा तर करूच नका, म्हणाल्या. व्हॉल्व्हमध्ये पाणी शिरतं आणि उत्तरही खरं मिळत नाही.

म्हणजे मोजणं आलं. रोजच्या पंपाचं सोपं आहे: १२० पफ, दिवसाला चार, म्हणजे तीस दिवस. माझ्या या पंपाला पाठीमागे बारीक खिडकी आहे आणि दाबलं की आकडा एकाने उतरतो. निळ्याला मात्र खिडकी नाही. गंमत बघा, जो रात्री-अपरात्री उशाशी लागतो, जो ठरावीक वेळी घेतला जात नाही, नेमका तोच मुका!

असा पहिला पंप १९५६ साली अमेरिकेत बाजारात आला. नव्या पंपांना काउंटर असावा, अशी शिफारस करायला तिथल्या एफडीएला २००३ उजाडलं. आपल्याकडे आजही काउंटर नसलेले पंप सर्रास मिळतात. दोनशेपर्यंतची मोजदाद धाप लागलेल्या माणसाने डोक्यात ठेवायची, ही अपेक्षाच मला चमत्कारिक वाटते.

आमच्या घरी आता कालनिर्णयावर दुधाच्या खुणांशेजारी निळ्या पेनाच्या रेघा असतात, एका पफला एक. डबी उघडल्याची तारीख मार्करने प्लॅस्टिकवर लिहिलेली असते. रात्री घेतलेल्या पफची रेघ सकाळी बायको ओढते आणि ओढताना माझ्याकडे बघते. या रेघांचा दुसरा उपयोग मॅडमना झाला. निळा पंप भराभर संपत असेल तर दमा आटोक्यात नाही. वर्षात २०० पफच्या तीन किंवा जास्त डब्या लागणाऱ्यांना दम्याचे मोठे झटके येण्याचा धोका वाढतो, असं त्यांनी सांगितलं, आणि दर वेळी आधी रेघाच मागतात.

तेव्हा मेडिकलमध्ये पंप घेताना "काउंटरवाला आहे का?" एवढं विचाराच. नसेल तर एक्स्पायरीबरोबर खोक्यावरचा पफचा आकडाही वाचून घ्या. आणि मोजून संपलेली डबी फोडू नका, जाळू तर मुळीच नका. औषध संपलं तरी आत गॅस उरलेला असतो.