खोक्यातले इंजिन

आपल्याकडे जुन्या वस्तूकडे संशयाने पाहायची रीत आहे आणि नव्या वस्तूवर डोळे मिटून विश्वास टाकायची. माझी आजी बाजारात माठ घेताना टिचकी मारून, कान लावून, उन्हात धरून बघते. तीच आजी घरात मिक्सर आला तेव्हा खोके न उघडताच त्याला हळदकुंकू लावून मोकळी झाली. ‘कंपनीचा माल आहे’ हे शब्द उच्चारले की आपली चौकशी संपते. हे शब्द आपल्याला इतके का पटतात आणि ते कुठवर पटावेत, याचा विचार मला गेल्या दोन वर्षांत पुष्कळ करावा लागला. त्याला कारण झाले एक इंजिन.

मराठी साहित्य घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने वार्षिकात कविता द्यावी, फार तर एखादे प्रवासवर्णन द्यावे, अशी अपेक्षा असते. पण जे घरात घडले तेच लिहावे, असे सरांनी वर्गात सांगितले होते. आमच्या घरात त्या वर्षी इंजिनाखेरीज दुसरे काही घडलेच नाही.

आम्ही मोहन्याचे. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल शहाड सोडून आंबिवलीला थांबते. तिथे उतरले की उल्हास नदीच्या काठाला आमचे गाव. मोहने म्हटले की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे अजूनही ‘एनआरसी’च उभी राहते. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा हा कारखाना २००९ साली बंद पडला. रेयॉनचे सूत आणि टायरच्या पोटात घालायचा दोरा इथे निघायचा. शेजारचे तात्या तिथे मेन्टेनन्स खात्यात फिटर होते. कारखाना गेला, पण त्यांच्या लाकडी पेटीतला मायक्रोमीटर, फीलर गेज आणि डायल गेज आजही तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले असतात. या लेखाचे खरे नायक तेच आहेत.

बाबांचा टेम्पो आहे. पहाटे तीनला उठून ते कल्याणच्या बाजार समितीतून भाजी भरतात आणि आंबिवली, टिटवाळ्यापर्यंतच्या दुकानदारांना पोहोचवतात. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात टेम्पोच्या रेडिएटरचा पाइप वाटेत फुटला, पाणी गेले आणि इंजिन तापून जाम झाले. मिस्त्रींनी हेड उतरवून पाहिले, तर ब्लॉकलाच तडा गेलेला. नुसता बोअर घासला असता तर बोअरिंग करून, मोठ्या मापाचे पिस्टन आणि नव्या रिंगा घालून काम भागले असते. पण तडकलेल्या ब्लॉकपुढे मिस्त्रींनी हात टेकले.

आता वाटा दोनच. एक, कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून मोडीत निघालेल्या गाडीचे इंजिन आणायचे. दुसरी, गाडीच्या कंपनीने कारखान्यात बांधलेले इंजिन विक्रेत्याकडून घ्यायचे. जुन्याची किंमत जवळजवळ एकतृतीयांश. पण ते किती चालले, कोणी चालवले, आत काय दडले आहे, हे देव जाणे. बाबा म्हणाले, “एकदाच काय तो खर्च करू, पण कंपनीचेच घेऊ.” पतपेढीचे कर्ज काढले. माझ्या धाकट्या भावाच्या डिप्लोमाच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसेही त्यात गेले. आठ दिवसांनी लाकडी खोक्यातून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, नव्या रंगाचा वास येणारे इंजिन गॅरेजात आले. आईने त्याला नारळ वाढवला.

असे खोक्यातले इंजिन ही काही आपल्याकडचीच गोष्ट नव्हे. अमेरिकेत तर त्याला नावच ‘क्रेट इंजिन’, म्हणजे खोक्यातले इंजिन, असे आहे. तिकडे १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून दांडग्या इंजिनाच्या गाड्यांची जी लाट आली, त्या ‘मसल कार’ हौशी लोक आजही जिवापाड सांभाळतात. मूळ इंजिन थकले की कारखान्यातून नवे बांधलेले मागवतात. शेवरोलेने १९५५ मध्ये आणलेल्या व्ही-आठ घराण्यातली इंजिने अजूनही अशी मिळतात. त्या लोकांच्या तक्रारी आणि धास्ती मात्र आमच्यासारख्याच. आत ओतकामाची वाळू राहिली असेल का? बोल्ट नीट आवळले असतील का? जुन्या धाटणीच्या कॅमशाफ्टला जस्ताचा अंश जास्त असलेले तेल लागते. धुरावरच्या नियंत्रक यंत्रणेला अपाय होऊ नये म्हणून नव्या तेलांत तो कमी केलेला असतो. तेव्हा चुकीचे तेल ओतले, तर उत्तम बांधलेल्या इंजिनाचा कॅमही सुरुवातीलाच झिजतो. म्हणजे कारखान्याने चोख काम केले तरी पुढची अर्धी जबाबदारी घेणाऱ्याच्या अंगणात येऊन पडते.

आमच्या समोरच्या इमारतीत एका काकांकडे काँटेसा आहे. हिंदुस्थान मोटर्सची ही गाडी १९८४ च्या सुमारास आली. अंगाने इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरवर बेतलेली, पण आधी आत अँबॅसडरचेच इंजिन होते. पुढे इसुझूचे १.८ लिटरचे आले, तेव्हा कुठे तिला अंगाला शोभेल असा जोर मिळाला. आपल्याकडची मसल कार म्हणायची तर हीच. २००२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. काका म्हणतात, “तुमच्या बाबांना निदान नवे मिळतेय. मला कोण देणार? मी आपला एकेक वॉयसर शोधत फिरतो.” त्यांचे इंजिन त्यांच्या मिस्त्रींनी त्यांच्या डोळ्यांदेखत बांधले आहे. कुठला भाग कुठून आला, तो कोणी घासला, हे त्यांना तोंडपाठ आहे. आमचे इंजिन कोणी बांधले, हे मात्र आम्हांला कधीच कळणार नव्हते.

तात्या संध्याकाळी पेटी घेऊन गॅरेजात आले. मिस्त्री जरा नाराज झाले. “तात्या, कंपनीचे सील आहे. खोलले तर वॉरंटी जाईल.”

“सील कशाला तोडू? न खोलता जेवढे बघता येते तेवढेच बघतो.”

मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसले. त्यांनी काय काय पाहिले ते इथे देते, कारण उद्या कोणाच्याही घरी ही वेळ येऊ शकते. आधी ब्लॉकवर ठोकलेला नंबर पावतीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. इंजिन बदलले की आरटीओत नोंद करावी लागते, आणि तिथे एक आकडा चुकला तरी गाडी कागदोपत्री परकी होते. मग सर्व तोंडांवर बुचे आहेत का ते पाहिले, कारण उघड्या तोंडातून धूळ आणि ओल आत जाते. पान्याने क्रँक हाताने दोन फेरे फिरवला. कुठे अडत नव्हता. शेवटी डायल गेजचा लोहचुंबकी पाया ब्लॉकला चिकटवला, काटा क्रँकच्या तोंडाला टेकवला, आणि पहारीने क्रँक अलगद मागे-पुढे ढकलला. ही क्रँकची लांबीतली ढील. थोडी लागतेच, नाहीतर तेलाला जागा उरत नाही. गाडीच्या सर्व्हिसच्या पुस्तकात तिची कमाल मर्यादा ०.३० मिलिमीटर दिली होती. काटा ०.४५ वर थांबला.

तात्यांनी गेज काढून पुन्हा लावला. पुन्हा ०.४५. तिसऱ्यांदा मिस्त्रींनी स्वतः लावला. तेवढेच.

मिलिमीटरचा सहावा-सातवा हिस्सा. माणसाच्या दोन केसांची जाडी फार तर. एवढ्याने काय होते, असे मला वाटले, आणि मी तसे विचारलेही. तात्या म्हणाले, “पोरी, क्लच दाबला की क्रँक दर वेळी पुढे ढकलला जातो. तो जोर दोन चकत्यांसारख्या वॉशरवर येतो. त्यांना थ्रस्ट वॉशर म्हणतात. शहाडच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये तुझा बाबा दिवसाला किती वेळा क्लच दाबतो? ढील सुरुवातीलाच जास्त असली तर ती वाढतच जाणार. एक दिवस वॉशर निसटेल आणि क्रँक ब्लॉकला घासायला लागेल. मग हाही ब्लॉक गेला.”

विक्रेत्याकडे बाबा गेले. तिथल्या माणसाने हसून सांगितले, “कारखान्यात तपासून येते. बसवा, चालवा, आपोआप बसेल.” बाबा परत आले ते गप्पच. टेम्पो उभा, हप्ता सुरू. रात्री ते दुसऱ्याच्या गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून जाऊ लागले. आई म्हणाली, “बसवूनच टाका ना. एवढी मोठी कंपनी, ती का चुकेल?” प्रश्न साधाच होता, पण मला तो फार दिवस पुरला.

मोठी कंपनी का चुकते, हे पुढे मी वाचनालयात बसून थोडेबहुत वाचले. हजारो नगांचे काम असले की दर नगाचे दर माप घेणे बहुधा शक्य नसते. काही नग निवडून मोजायचे आणि बाकीच्यांचा अंदाज करायचा, ही रीत पडते. बेल टेलिफोनसाठी यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात काम करताना वॉल्टर शुहार्ट याने १९२४ मध्ये याच कामासाठी नियंत्रण-आलेख काढून दाखवला. यंत्राचे काम मर्यादेत चालले आहे की हळूहळू घसरते आहे, हे त्यावरून कळते. हे शास्त्र महालनोबिसांच्या पुढाकाराने आपल्याकडेही आले. पण आलेख कितीही चांगला असला तरी तो सगळ्या मालाबद्दल बोलतो. आपल्या दारात आलेल्या एका खोक्याबद्दल तो काही सांगत नाही. बाबांना हजार इंजिने घ्यायची नव्हती, एकच घ्यायचे होते.

कारखान्याची बाजूही खरी आहे, तीही सांगायला हवी. धूळ नसलेली जागा, सारख्या मापाचे घासकाम, ठरल्या जोराने आवळलेले बोल्ट, हे रस्त्याकडेच्या गॅरेजात मिळणे कठीण. मिस्त्रींनी स्वतः हे कबूल केले. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. तेव्हा संशय खोटा ठरला आणि कारखान्याचा नांगर खरा ठरला. म्हणून नुसता संशय कामाचा नाही. संशयाला माप लागते. तात्यांकडे ते होते.

आणि इथे माझ्यासारख्या कलाशाखेच्या मुलीचा उपयोग झाला. अर्ज मी लिहिला. बाबांचे म्हणणे, गरिबी लिही, कर्ज लिही, लहान भाऊ लिही. तात्या म्हणाले, “त्यातले काही लिहू नकोस. आकडा लिही.” मी तसेच केले. इंजिनाचा नंबर, पावतीची तारीख, पुस्तकातले पान, त्यावरची मर्यादा, तीन वेळा घेतलेले माप, कोणते हत्यार वापरले, सील अभंग असल्याचा फोटो. शेवटी एवढेच, की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाबद्दल उत्पादकाची जबाबदारी सांगितली आहे, तरी आपल्या तंत्रज्ञाने येऊन माप घ्यावे. एक पानभर मजकूर. ‘कृपया’ एकदाच. एक प्रत विक्रेत्याला, एक कंपनीला.

अकराव्या दिवशी कंपनीचा माणूस आला. तरुण होता, नम्र होता. त्याने स्वतःच्या गेजने माप घेतले आणि तो बराच वेळ काट्याकडे पाहत राहिला. मग सील त्यानेच काढले. क्रँकच्या बाजूचे तोंड घासताना माल नेहमीपेक्षा जास्त निघाला होता. तिथे जाड वॉशर हवे होते, साधे बसले होते. दोन्ही भाग आपापल्या जागी नवे आणि स्वच्छ होते. ते एकमेकांचे नव्हते, इतकेच. त्याने तात्यांना विचारले, “काका, तुम्ही कुठे होतात?” तात्यांनी नदीकडे बोट दाखवले. “एनआरसीत.” पुढे कोणीच काही बोलले नाही.

तेविसाव्या दिवशी इंजिन बदलून मिळाले. बुडालेली रोजी मिळाली नाही आणि पतपेढीने व्याजही सोडले नाही. दुसरे इंजिन बसवण्याआधी तात्यांनी तेही मोजले. ०.१८. मग मिस्त्रींनी रेडिएटर आणि ऑइल कूलर धुऊन काढले, कारण जुन्या इंजिनाचा कीस त्यात अडकलेला असतो आणि तो नव्याच्या बेअरिंगांत जातो. ही धुलाई झाली नसेल तर वॉरंटी नाकारता येते, असे त्या बारीक अक्षरांच्या कागदावर छापलेलेच होते. तो कागद घरात मी एकटीनेच पूर्ण वाचला होता.

भावाची फी दुसऱ्या सत्रात भरली. त्याने मेकॅनिकल घेतले आहे. सुट्टीत तो तात्यांकडे जातो. तात्या त्याला आधी हत्यार पुसायला लावतात, मग धरायला शिकवतात. मायक्रोमीटर आवळताना मनगटाने जोर द्यायचा नसतो, नुसत्या बोटांनी फिरवायचा असतो, नाहीतर आपल्याला हवे तेच माप येते, असे ते त्याला परवा सांगत होते. मी दारात उभी राहून ऐकत होते.