परवाना आणि प्रस्थान

१. चाकणला दुसरी पाळी सुटली की पुणे–नाशिक रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते. निगडी, भोसरी, मोशीकडे परतणारा कामगार खिडकीतून दिव्यांच्या पाट्या पाहतो. त्यांतल्या अनेकींवर हॉटेलच्या नावाखाली दोन शब्द असतात : ‘परमिट रूम’. शब्द इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांचा अर्थ कोणी विचारत नाही. आत जाणाऱ्याकडे परमिट मागितले जाण्याचा प्रसंगही विरळाच.

२. हे परमिट कुठून आले, याचा शोध घ्यायचा तर रस्ता सोडून बंदराकडे जावे लागते. वाट अनोळखी नाही. चाकणच्या पट्ट्यात तयार झालेल्या मोटारी मुंबई बंदरातूनच जहाजावर चढून परदेशी गेल्या आहेत. त्याच बंदरातून प्रवासी जहाजेही सुटतात. जहाज सुटण्याच्या दिवशी त्यावरच्या प्रवाशाच्या हातातला पेला नेमका कोणत्या कायद्याखाली येतो, हा प्रश्न दिसतो तितका हलका नाही. ‘परमिट रूम’ या दोन शब्दांचा इतिहास त्यात दडलेला आहे.

३. सुरुवात मुंबई इलाख्यापासून. १९३७ साली बाळ गंगाधर खेर यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. आरोग्य आणि अबकारी खाती डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्याकडे होती. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. ती फार काळ टिकली नाही. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि पुढे न्यायालयातही बंदीचा पाया डळमळला.

४. स्वातंत्र्यानंतर हे काम नव्या जोमाने हाती घेतले गेले. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ साली झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी आली. तारीख सहज निवडलेली नव्हती. ६ एप्रिल हा दांडीच्या मिठाचा दिवस. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. ज्या समुद्रकाठी गांधींनी कायदा मोडला, त्याच्या स्मरणदिनी एक नवा कायदा पाळायला सांगितला जात होता.

५. बंदी पूर्ण होती, तरी कायद्याच्या घराला दारे ठेवलेली होती. अधिनियमातील कलमे क्रमाने वाचली की ही दारे दिसू लागतात. कलम ३७ रेल्वेच्या भोजनडब्यांच्या परवान्याविषयी आहे. कलम ३८ जहाज कंपन्यांना आणि जहाजाच्या कप्तानाला द्यायच्या परवान्याविषयी. कलम ३९ युद्धनौका, सैन्यवाहू जहाजे आणि लष्करी भोजनगृहांना सवलत देणारे. कलम ४० व्यक्तीला मिळणाऱ्या परवान्याचे, तर कलम ४६ बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या परवान्याचे.

६. या यादीत एक सूत्र आहे. आगगाडीतला प्रवासी, जहाजावरचा उतारू, छावणीतला सैनिक, परदेशी पाहुणा : यांतले बहुतेक जण जाणारे आहेत, किंवा येऊन जाणारे. जो जागेवर राहतो, त्याच्यासाठी दार एकच. प्रकृतीच्या कारणास्तव दारूची गरज असल्याचे दाखवून परवाना मिळवणे. त्या काळी प्रतिष्ठित माणसालाही त्यासाठी वैद्यकीय दाखल्याच्या दारात उभे राहावे लागे. ‘परमिट’ हा शब्द सामान्य माणसाच्या तोंडी रुळला तो असा.

७. आता बंदरात उभ्या असलेल्या जहाजाची कल्पना करावी. शिडी अजून काढलेली नाही, दोरखंड धक्क्याला बांधलेले आहेत. प्रवाशाच्या मनाने प्रवास सुरू झाला आहे, पण कायद्याच्या लेखी तो मुंबईतच आहे. जहाजावर मद्यविक्री करायची तर राज्याचा परवाना हवा. कलम ३८ अस्तित्वात आहे यावरूनच हे सिद्ध होते : जिथे कायदा लागू नाही, तिथे परवान्याची तरतूद कशाला लागेल?

८. हा पेच जगात आधी अमेरिकेने अनुभवला होता. तिथे जानेवारी १९२० मध्ये राष्ट्रव्यापी दारूबंदी आली. प्रश्न उभा राहिला न्यूयॉर्कला येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांचा. परतीच्या प्रवासासाठी लागणारे मद्य त्यांच्या कोठारात असे. फ्रान्स आणि इटलीच्या जहाजांवर तर खलाशांना वाइन देणे त्यांच्या देशांच्या नियमांनी बंधनकारक होते. एका देशाचा कायदा ‘द्या’ म्हणत होता, दुसऱ्याचा ‘आणू नका’.

९. ३० एप्रिल १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्युनार्ड कंपनीच्या खटल्यात निकाल दिला. जहाज कोणत्याही देशाचे असो, अमेरिकेच्या प्रादेशिक समुद्रात, म्हणजे किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत, त्यावर दारू नको. कुलूपबंद साठाही नको. मात्र अमेरिकन जहाजाने ती रेषा ओलांडली की दारूबंदीचा कायदा त्याचा पाठलाग करणार नाही.

१०. ब्रिटनशी वाद चिघळला आणि जानेवारी १९२४ मध्ये तह झाला. ब्रिटिश जहाजांना मोहोरबंद साठा बंदरात आणण्याची मुभा मिळाली. त्या बदल्यात तस्करीचा संशय असलेले ब्रिटिश जहाज किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरात तपासण्याचा हक्क अमेरिकेला मिळाला. तासाभराचे अंतर म्हणजे ते जहाज एका तासात जितके जाईल तितके. जहाज जितके वेगवान, तितका कायद्याचा हात लांब. माणसाच्या पिण्याचा प्रश्न असा मैलांत आणि तासांत मोजला जाऊ लागला.

११. पुन्हा मुंबईत येऊ. १९५० साली एफ. एन. बलसारा नावाच्या नागरिकाने मुंबई उच्च न्यायालयात या अधिनियमाला आव्हान दिले. मागणी सविस्तर होती. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर बाळगण्याचा आणि वापरण्याचा हक्क तर हवाच, पण मद्यार्क असलेली औषधे, ओ-द-कोलोन, लव्हेंडर वॉटर यांचाही. शिवाय सीमाशुल्काच्या हद्दीपलीकडून या वस्तू आणण्याचा आणि तिकडे पाठवण्याचाही.

१२. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २५ मे १९५१ रोजी निकाल लागला. न्या. फझल अली यांनी तो लिहिला. त्यातील एक मुद्दा थेट बंदराशी निगडित होता. परदेशातून आयात हा केंद्राचा विषय, तर दारू हा प्रांताचा. मग प्रांताचा कायदा बोटीतून उतरलेल्या बाटलीला हात लावू शकतो का? मूळ वेष्टन फुटेपर्यंत आयात संपत नाही, असा अमेरिकन न्यायतत्त्वाचा आधार पुढे करण्यात आला. न्यायालयाने तो मानला नाही. बाटली एकदा किनाऱ्यावर आली की तिच्या ताब्याचा आणि विक्रीचा कायदा करण्याची मुभा राज्याला राहिली.

१३. दुसरा मुद्दा समानतेचा. संविधानाला जेमतेम सव्वा वर्ष झाले होते आणि कलम १४ ची परीक्षा चालू होती. सैनिकाला मुभा, परदेशी पाहुण्याला मुभा आणि शेजारच्या नागरिकाला बंदी, ही समानता कशी? न्यायालयाने उत्तर दिले की वर्गीकरण वाजवी असेल तर भेद चालतो. सेनादलांची स्वतःची परंपरा आणि जीवनपद्धती आहे. परदेशी पाहुणा थोड्या काळासाठी येतो. या सवलती टिकल्या. औषधे आणि प्रसाधनांच्या बाबतीत मात्र कायद्याचा हात आखडता घ्यावा लागला. अधिनियमाचा मोठा भाग वैध ठरला.

१४. निकाल तर्काने सुसंगत आहे, तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात एक टोचणी जाणवते. ‘जो जाणार आहे, त्याला सूट’ हे तत्त्व वाजवी ठरले. पण जाणे सर्वांना सारखे परवडत नाही. जहाजाचे तिकीट, पाहुण्याचा दर्जा, डॉक्टरचा दाखला, यांपैकी काहीही हाती नसलेल्या माणसाला मात्र संपूर्ण कायदा लागू. हातभट्टीचा धंदा त्याच माणसाच्या वस्तीत फोफावला. हातभट्टीचा धोका दारूबंदीबरोबर संपलाही नाही. जून २०१५ मध्ये मालाड-मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, तेव्हा ती अशाच वस्त्यांतली होती.

१५. १ मे १९६० रोजी राज्य दुभंगले आणि एकच कायदा दोन घरी गेला. गुजरातने बंदी जपली. महाराष्ट्राने कायदा रद्द केला नाही, परवाना सैल करत नेला. दाखल्याची अट मावळली, परवाना सुलभ झाला आणि परवानाधारकांनी बसून प्यायची जागा म्हणून ‘परमिट रूम’ उभी राहिली. आजही राज्यातील मद्यव्यवहार १९४९ च्याच अधिनियमाखाली चालतो. चाकणच्या त्या पाटीवर बंदीचा कायदा अजून जिवंत आहे.

१६. याच काळात पिंपरीचे रूप पालटत होते. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परप्रांतांतून तरुण येत राहिले. गाव सोडून आलेले हेही एका अर्थाने प्रवासीच. पण कलम ३८ च्या अर्थाने नव्हे.

१७. समुद्र नसलेल्या या पट्ट्यातही कायद्याने एकदा अंतराची रेषा आखली. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा आदेश दिला. कारण स्पष्ट होते : रस्त्यावरचे अपघाती मृत्यू. ३१ मार्च २०१७ रोजी वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणांसाठी हे अंतर २२० मीटर झाले. अमेरिकेत किनाऱ्यापासून मैल मोजले गेले, इथे रस्त्यापासून मीटर.

१८. जुना मुंबई–पुणे महामार्ग निगडीपासून दापोडीपर्यंत पिंपरी-चिंचवडच्या मधोमध जातो, तर पुणे–नाशिक महामार्ग चाकणमधून. साहजिकच हा आदेश या पट्ट्याच्या कण्यावरच पडला. केरळमध्ये एका बारमालकाने प्रवेशाची वाट नागमोडी करून चालण्याचे अंतर वाढवले होते, त्याचे छायाचित्र तेव्हा देशभर गाजले. तीन मैल ओलांडण्यासाठी समुद्रात जाणारे जहाज आणि ५०० मीटर भरण्यासाठी वळणे घेणारी ती वाट, दोन्ही एकाच युक्तीची रूपे. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की नगरपालिकांच्या हद्दीतील परवान्यांना हा आदेश आडवा येत नाही.

१९. अंतराप्रमाणे काळाचीही रेषा असते, आणि तिचा अनुभव या पट्ट्याला दरवर्षी येतो. ज्येष्ठात देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. अधिनियमाचे कलम १४२ जिल्हाधिकाऱ्याला शांततेसाठी दुकाने बंद ठेवण्याचा अधिकार देते, आणि पालखीच्या दिवसांत असे आदेश निघतात. इथेही दिवस प्रस्थानाचाच. फरक इतकाच की जहाज सुटल्यावर बार उघडतो आणि पालखी पुढे गेल्यावर दुकान.

२०. कायद्याच्या रेषा केवळ वरून आखल्या गेल्या, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. २००८ च्या आदेशाने महाराष्ट्रात मतदानाने दुकान बंद करण्याचा मार्ग ग्रामीण आणि शहरी, दोन्ही भागांना खुला झाला. २५ टक्के मतदारांनी, किंवा तितक्याच महिला मतदारांनी मागणी करायची, मग मतपत्रिकेवर दोन चित्रे : उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला पुरेशी मते पडली की दुकान बंद. पगाराच्या दिवशी नवरा घरी किती पैसे घेऊन येतो, हे जिला ठाऊक असते, तिच्या हाती हा शिक्का आला. तिला बंदी नको असलेल्या माणसाचा तर्क कळत नाही असे नव्हे. तिने त्याची किंमत मोजलेली असते.

२१. २० ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या ‘आंग्रिया’ या प्रवासी जहाजाचे उद्घाटन झाले. कोकणच्या किनाऱ्याने जाणारे ते जहाज प्रवाशाला एका रात्रीत महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी अधिनियमातून गोव्याच्या १९६४ च्या अबकारी कायद्यात नेऊन सोडी. एका कायद्याच्या नावातच बंदी, दुसऱ्याच्या नावात केवळ कर. मधे फक्त समुद्र. प्रवाशाला या संक्रमणाची जाणीवही होत नसेल.

२२. दारूचा कायदा बहुधा दारूविषयी बोलतो आहे, असे वाटते. प्रत्यक्षात तो माणूस कुठे उभा आहे आणि तिथून हलू शकतो का, हे विचारत असतो. धक्क्याला बांधलेल्या जहाजावर प्रवाशाला काही तास थांबावे लागते. दोर सुटले की त्याचा प्रश्न मिटतो. ज्याचे जहाज सुटणारच नाही, त्याच्यासाठी दोनच मार्ग उरतात : परवान्याच्या दारातून आत जाणे, किंवा मतपेटीतून दार बंद करणे. महाराष्ट्राच्या कायद्याच्या पाऊणशे वर्षांत हे दोन्ही मार्ग हळूहळू रुंदावले, ही त्या इतिहासाची जमेची बाजू.

२३. चाकणच्या रस्त्यावर बस पुढे सरकते. खिडकीतला तरुण पंचवीस वर्षांचा झाला असेल तर कायद्याने परवाना मिळवण्यास पात्र आहे. झाला नसेल, तर कडक मद्यासाठी नाही. त्याने आज जोडलेली मोटार काही दिवसांनी बंदरात पोहोचेल, जहाजावर चढेल आणि राज्याच्या, मग देशाच्या हद्दीबाहेर जाईल. तो उद्या पुन्हा याच रस्त्याने याच पाळीला येईल. पाटीवरचे दोन शब्द तोपर्यंत तसेच उजळलेले असतील. पुढच्या वेळी ती पाटी दिसली की तिच्यातला पहिला शब्द जरा थांबून वाचावा.