तळ्याची वेस कुठे असते?

चंदीगडला गेलेला पाहुणा सुखना तलाव पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. संध्याकाळी बांधावर शहर लोटते. आजोबा फेऱ्या मारतात, मुले बोटीसाठी हट्ट धरतात, हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. वाटते, हे पाणी इथे कायमचेच असावे.

पण हा तलाव माणसांनी घडवला आहे. शहराचे वास्तुशिल्पी ल कार्बुझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांच्या काळात, १९५८ मध्ये, शिवालिकच्या डोंगरांतून येणारा ओढा अडवून तो तयार झाला. बांधावरून मोटारी धावू नयेत, पाण्यात मोटारबोटी नसाव्यात, हा कार्बुझिए यांचा आग्रह होता. शहराच्या बाजूने अशी काळजी घेतली गेली. संकट आले ते मागच्या बाजूने, डोंगराकडून.

शिवालिकची माती भुसभुशीत. प्रत्येक पावसाळ्यात ती वाहून आली आणि तलाव उथळ होत गेला. मग डोंगरात झाडे लावली, ओढ्यांवर छोटे बंधारे घातले, नागरिकांनी श्रमदानाने गाळ उपसला. १९९८ मध्ये त्या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला.

आणि याच रानाच्या कडेला, पंजाबातील कांसल गावी, टाटा हाउसिंगचा ‘कॅमेलॉट’ हा टोलेजंग इमारतींचा प्रकल्प आखला गेला. अभयारण्याच्या हद्दीपासून अंतर होते १२३ मीटर. पंजाब सरकारने राखीव पट्टा सुचवला होता १०० मीटरचा. कागदावर हिशेब चोख बसत होता! पण पाण्याला आणि पाखरांना मोजपट्टी कुठे कळते? प्रकरण न्यायालयात गेले. एप्रिल २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने परवानग्या रद्द केल्या आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तिथे असा प्रकल्प होऊ शकत नाही, असा निकाल दिला. जमीन, नकाशे, वकील, वर्षे... केवढा खर्च! जागा निवडतानाच पाण्याची वाट पाहिली असती, तर तो टळला असता.

दूध उतू गेल्यावर ओटा पुसण्यापेक्षा आच आधीच मंद केलेली बरी. दुकाने असोत वा कचेऱ्या, बांधणाऱ्याने प्रथम पाणथळ जागा आणि तिला पाणी देणारे ओढे टाळावेत. टाळता येत नसेल, तर नुकसान कमी करावे: काठावरची झाडी राखावी, उकराउकरी पावसाळ्याआधी संपवावी, वाहनतळावर पाणी मुरेल अशी फरसबंदी करावी, सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय सोडू नये. दुसरीकडे तळे खणून भरपाई करणे हा अगदी शेवटचा उपाय. कारण खड्डा वर्षभरात खणता येतो, पाणवनस्पती, मासे आणि पक्ष्यांचा संसार मांडायला मात्र कित्येक वर्षे लागतात.

पाणथळ जागांसाठी केंद्राने २०१७ मध्ये केलेल्या नियमांत, गेल्या दहा वर्षांतील सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्क्या बांधकामाला मनाई आहे. ही मर्यादा किमान समजावी. तळ्याची खरी वेस काठावर नसतेच. जिथे पडलेला पावसाचा थेंब तळ्याकडे धावत सुटतो, तिथपर्यंत ते तळेच असते. आपल्या गावातल्या तळ्याची ही वेस कुठवर जाते, हे पहिल्या पावसात छत्री घेऊन एकदा पाहून यायला काय हरकत आहे?