सव्वा महिन्याचं पिल्लू

आमच्या घरून पिल्लू सव्वा महिन्याचं झालं की जायचं. अमरावतीत आमच्याकडे लॅब्रॅडॉर कुत्री होती. 2012, 2015 आणि 2017 अशी तीनदा ती व्याली आणि तिन्ही वेळा मी पिल्लं पाच आठवड्यांच्या आतबाहेर देऊन टाकली.

त्यामागे माझं पक्कं मत होतं. पिल्लू जितकं लहान जाईल तितका त्याला नव्या घराचा लळा लागतो, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. हे मत मी अकोल्याहून, माहेराहून आणलं होतं. बाबांच्या दारात कायम साखळीला कुत्रं असायचं. पाहुण्याच्या हातची भाकर त्याला द्यायची नाही, शेजारच्या पोरांनी अंगाला हात लावायचा नाही. माणसाळलेलं कुत्रं राखण करत नाही, म्हणून ते लहानपणापासून एकाच घराचं हवं, असं बाबा म्हणायचे. त्या मताला माझी सोयही चिकटली होती. पाचव्या आठवड्यापासून पिल्लांचं आईच्या दुधावर भागत नाही. सात तोंडांचं खाणं, दिवसातून दहादा फरशी पुसणं, लशींचा खर्च. लवकर दिलं की हे सगळं घेणाऱ्याकडे जातं. हे तेव्हा मी कुणाला बोलले नाही, आज बोलते.

2017 सालचं एक पिल्लू तेहतिसाव्या दिवशी अकोल्याच्या एका घरी गेलं. वर्षभराचं झाल्यावर खेळता खेळता त्याने त्या घरच्या मुलाचा हात दातांत धरला आणि टाके पडले. त्या घरच्या काकूंचा फोन आला, “ताई, पोरगं आता भेते त्याले. वावरात नेऊन ठेवलं.” मी त्यांनाच बोलले, तुम्ही वळण लावलं नाही म्हणून. फोन ठेवताना मला जराही अपराधी वाटलं नव्हतं.

2020 च्या फेब्रुवारीत त्याच कुत्रीच्या, घरी ठेवलेल्या लेकीला सहा पिल्लं झाली. सहाही सांगून ठेवलेली होती. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, आणि अकोला, परतवाडा, यवतमाळहून कुणी येऊ शकेना. मला नाइलाजाने ती ठेवावी लागली. घरात बसल्या बसल्या मी आयुष्यात पहिल्यांदा सहाव्या-सातव्या आठवड्यातली पिल्लं एकत्र पाहिली.

त्या दिवसांत ती एकमेकांना सारखी चावत होती. एकाने कान जोरात धरला की दुसरं केकाटायचं आणि खेळ मोडून निघून जायचं. आचळाला दात लागला की आई गुरगुरून उठून जायची. दात किती लावला तर खेळ टिकतो, हे ती दिवसभर शिकत होती. आठव्या आठवड्यात माझं बोट त्यांच्या तोंडात गेलं तर जबडा आपोआप सैल व्हायचा. तेव्हा अकोल्याच्या त्या मुलाचा हात मला आठवला. त्या पिल्लाला हा धडा मिळायच्या आत मी त्याला पिशवीत घालून दिलं होतं.

पण नुसते दिवस वाढवून भागत नाही, हेही त्याच पिल्लांनी दाखवलं. जूनमध्ये नवे मालक आले तेव्हा पिल्लं कुलरच्या स्टँडमागे जाऊन बसली. त्यांनी आमची पाच माणसं सोडून कुणी पाहिलंच नव्हतं. उन्हाळाभर खडखडणाऱ्या कुलरची त्यांना सवय झाली होती, पण स्कूटरच्या हॉर्नने त्यातली एक जागीच मुतली. ती परतवाड्याला गेली. आजही घरात पाहुणा आला की ती पलंगाखाली शिरते.

मग मी पशुवैद्यांना विचारलं, वाचायला लागले. अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत संशोधकांनी पिल्लं उंच कुंपणाच्या वावरात माणसांपासून दूर वाढवली होती. तो अभ्यास 1961 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. चौदा आठवडे माणसाचा सहवास न मिळालेली पिल्लं नंतर मेहनत घेऊनही नीट माणसाळेनात. जगाची ओळख करून घेण्याची खिडकी तिसऱ्या आठवड्याला उघडते आणि बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत मिटत जाते. केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांतही आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे. मला तो नियम माहीत नव्हता, आणि मी तो कधी शोधलाही नव्हता.

2023 च्या पिल्लांच्या वेळी मी सगळं बदललं. तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक पिल्लू रोज हातात घ्यायचं, भावंडांपासून पाच मिनिटं वेगळं ठेवायचं. कुकरची शिट्टी, मिक्सर, फरशी, पोतं, गच्चीचं उन्हाने तापण्याआधीचं सिमेंट. काठी टेकत येणारे शेजारचे आजोबा, हेल्मेट घातलेला दूधवाला, शाळेतून आलेली पोरं. पिल्लू मागे सरकलं तर ओढायचं नाही. ते आपणहून येईपर्यंत खाली बसून राहायचं. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, म्हणून चपला फाटकाबाहेर आणि हात धुतल्याशिवाय कुणी शिवायचं नाही. सहाव्या आठवड्यात पहिली लस दिली. बाहेर न्यायचं ते कडेवरच. रस्त्यावर पाय टेकवायचे नाहीत. राजकमल चौकातली गर्दी आणि बडनेऱ्याची रेल्वे त्यांनी माझ्या हातातूनच पाहिली. नवव्या आठवड्यात प्रत्येक पिल्लू आईच्या वासाचं फडकं घेऊन गेलं.

त्यातलं एक बाबांकडेच आहे. रोजच्या दूधवाल्यापुढे ते शेपूट हलवतं आणि रात्री अनोळखी माणूस फाटकाशी थांबला की भुंकून घर उठवतं. ओळखीचा कोण हे ज्याला कळतं, त्यालाच परका कळतो. भेदरलेलं कुत्रं राखण करत नाही, ते हाताशी येईल त्याला चावू शकतं. बाबांनी साखळी काढून ठेवली आहे.

अकोल्याच्या काकूंना मी नंतर फोन केला आणि सांगितलं की चूक तुमची नव्हती, कुत्र्याचीही नव्हती, माझी होती.

पिल्लू आणायला जाल तेव्हा आधी त्याची आई पाहायला मागा आणि जन्मतारीख विचारा. कोणकोणती माणसं, कोणकोणते आवाज त्याला माहीत आहेत, तेही विचारा. आठ आठवडे झाले नसतील तर हवा तर इसार द्या, पण पिल्लू आईजवळ ठेवून रिकाम्या हाताने घरी या.