रताळ्याचे नाचोज आणि काकूंची कढई

रताळं म्हटलं की महाराष्ट्रात आधी उपास आठवतो. आमच्यासारख्या मुसलमान घरातही आठवतो. मंडईत रताळ्यांचे ढीग लागले की एकादशी नाहीतर महाशिवरात्र जवळ आली, हे आम्हालाही कळतं. अम्मी त्याच दिवसांत रताळी आणायची, निखाऱ्यात भाजायची आणि वर थोडं तूप सोडून आमच्या हातात द्यायची. आमचा उपास नसायचा, पण चांगली रताळी मिळायची ती तेव्हाच. आता माझ्या मुलीला तेच रताळं ‘लोडेड नाचोज’च्या रूपात हवं असतं.

नाचोज मूळचे मेक्सिकोचे. १९४० च्या दशकातली गोष्ट. अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या पिएद्रास नेग्रास या गावात, इग्नासिओ अनाया काम करत होता त्या हॉटेलात काही बायका अवेळी खायला आल्या. स्वयंपाकी जागेवर नव्हता. अनायाने मक्याच्या तळलेल्या तुकड्यांवर चीज आणि मुरवलेल्या मिरच्या घातल्या, ते गरम केलं आणि पुढे ठेवलं. इग्नासिओचं लाडाचं नाव नाचो, तेच पदार्थाला चिकटलं. घरात जे आहे त्यात पाहुण्याची सोय करायची, एवढाच याचा अर्थ. आपल्या बायका हे कायमच करत आल्यात.

मक्याच्या जागी रताळं घ्यायचं तर थोडा धीर लागतो. चौघांना अर्धा किलो पुरतं. सालं काढून, किसणीच्या पात्यावर एकसारख्या पातळ चकत्या करायच्या आणि अर्धा तास थंड पाण्यात ठेवायच्या, म्हणजे वरचा पिठूळपणा निघून जातो. मग फडक्यावर पसरून अगदी कोरड्या करायच्या. रताळ्यात साखर असते, त्यामुळे मोठ्या आचेवर चकती बाहेरून काळी होते आणि आत मऊच राहते. तेल मध्यम तापवायचं, थोड्या थोड्या चकत्या सोडायच्या. काढताना त्या नरमच वाटतात, कुरकुरीत होतात त्या गार झाल्यावर. मीठ शेवटी. त्यावर राजमा किंवा सुका खिमा, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर, किसलेलं चीज. तव्यावर झाकण ठेवून चीज वितळलं की लिंबू पिळलेला चक्का आणि आमच्या सोलापूरची शेंगाचटणी. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून मी चीज घेते. चीज बनवताना जनावराच्या पोटातलं रेनेट वापरतात की काय, ही शंका आम्हालाही असते आणि शाकाहारी माणसालाही. एकाच ठिपक्याने दोघांचं काम होतं.

हे सगळं सांगायचं कारण २०२३ ची बकरी ईद. त्या वर्षी २९ जूनला ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली. आदल्या वर्षीही, १० जुलैला, तसंच झालं होतं. यात चमत्कार काही नाही. आमचा महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, म्हणून त्याचा दहावा दिवस दशमी-एकादशीच्या आसपासच पडतो. कुर्बानी तीन दिवसांत कधीही करता येते. राज्यात अनेक ठिकाणी मुसलमानांनी ती एक दिवस पुढे ढकलली. आमच्याकडेही तेच ठरलं. सकाळी नमाज झाली, शीरखुर्मा झाला आणि दुपारी घरात ईद असून मटण नाही म्हणून पोरं तोंड पाडून बसली. मी रताळी काढली.

शेजारच्या काकूंचा एकादशीचा उपास. त्यांच्या नातवंडांना आमच्या घरचं सगळं चालतं, काकूही एरवी आमच्याकडचा चहा आणि शीरखुर्मा घेतात. मी दारातूनच विचारलं, “काकू, रताळ्याचे काप तळतेय. शेंगदाण्याचं तेल, सैंधव मीठ. तुम्हाला चालतील का?”

काकूंनी क्षणभर विचार केला. म्हणाल्या, “आज नको गं. तुमच्या कढईत मटण होतं, आज एकादशी आहे. उद्या देशील तर खाईन.” मग लगेच, “असं कर, तूच इकडे ये रताळी घेऊन. माझी कढई आहे.”

मी गेले. त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या कढईत चकत्या तळल्या. काकूंनी वर दही, जिरेपूड, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घातली. शेंगाचटणीत लसूण असतो, म्हणून ती बाजूला राहिली.

घरी परतल्यावर नणंद म्हणाली, “भाभी, तुम्हाला वाईट नाही वाटलं?” मी खरंच विचार केला. मला वाईट वाटलं नव्हतं. आपण हॉटेलात बसल्या बसल्या “मटण हलाल आहे का?” विचारतो. लग्नात शाकाहारी पंगत शोधून बसतो. त्यात समोरच्याचा अपमान करायचा आपला हेतू नसतो. काकूंचं ‘नको’ त्याच जातीचं होतं. त्यांनी कारण सांगितलं, मुदत सांगितली आणि दुसरी वाट काढून दिली.

नाकारणं कसं असतं, तेही मला माहीत आहे. पुण्यात भाड्याने घर शोधत होतो तेव्हा एका घरमालकांशी फोनवर सगळं ठरलं होतं. नाव सांगितलं आणि त्यांना एकदम आठवलं की सोसायटीत नॉनव्हेज चालत नाही. मी म्हटलं, आम्ही घरात शिजवणार नाही, लिहून देते. तरी घर मिळालं नाही. तिथे कढईचा प्रश्नच नव्हता. नियम असेल तर तो पाळून आत जाता येतं. तिथे पाळायला तयार असूनही दार बंदच राहिलं.

आणि गंमत पाहा. रताळं, बटाटा, शेंगदाणा, मिरची, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. यातलं बरंच पोर्तुगीजांच्या काळात जहाजातून उतरलं. आज त्यांच्याशिवाय एकादशी होत नाही. रताळ्याला कोणी मूळ गाव विचारत नाही. आम्हाला मात्र अधूनमधून विचारलं जातं.

दुसऱ्या दिवशी कुर्बानी झाली, गोरगरिबांचा आणि नातेवाइकांचा वाटा गेला, संध्याकाळी खिमा शिजला. पोरांनी खिम्याचे नाचोज फस्त केले. काकूंसाठी राजमा-चीजचे वेगळे केले, या वेळी आमच्या ओट्यावर आमच्याच कढईत. काकूंनी खाल्ले, वर शेंगाचटणी मागून घेतली आणि चीज जरा जास्त झालंय असं सांगितलं.

मग अधिक मास आला आणि २०२४ साली ईद १७ जूनला, आषाढी १७ जुलैला. बरोबर एक महिन्याचं अंतर पडलं. आता हे दोन दिवस पुन्हा एकत्र यायला बरीच वर्षं जातील. रताळी मात्र दर आषाढात मंडईत येतात. तुमच्या शेजारी कुणाचा उपास असेल तर चकत्या तळण्याआधी एकदा विचारून पाहा. ‘नको’ म्हणाले, तर कुणाची कढई घ्यायची तेही विचारा.