दिलसुखनगरातील तीन आठवडे

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तीन आठवडे हैदराबादेत राहण्याचा योग आला. आम्हा जालना जिल्ह्यातील माणसांस ते शहर तसे परके नव्हे. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच मोडत असे, आणि मनमाडकडून जालना, नांदेडवरून जाणारी गाडी आजही प्रवाशांस काचीगुड्याच्या 1916 सालच्या घुमटदार स्थानकात नेऊन सोडते. मात्र मी गेले ती मेणबत्त्या करावयास शिकण्यासाठी.

आमच्या गावी आम्हा आठ जणींचा बचत गट आहे. काही जोडधंदा करावा असे सर्वांच्या मनात होते; परंतु शिवण दोघींनाच येई आणि पापडांना गावात गिऱ्हाईक नाही. माझी मावसबहीण दिलसुखनगरात राहते व घरी जेलच्या मेणबत्त्या करून विकते. आम्ही सर्व तिला अक्का म्हणतो. "गटाचे पैसे घालण्याआधी एकीने येऊन डोळ्यांनी पाहून जा," असा तिचा निरोप आला. ते पैसे कापसाच्या वेचणीतून आणि मजुरीतून जमलेले. ते बुडाले तर मी कोणत्या तोंडाने गावात राहणार, ही धास्ती घेऊनच गाडीत बसले.

दिलसुखनगर हे नाव दिलसुखराम नावाच्या जहागीरदारावरून पडले असे तेथील लोक सांगतात. हृदयास सुख देणारी ही वस्ती विजयवाड्याच्या हमरस्त्यावर आहे, आणि प्रथमदर्शनी तेथे सुखापेक्षा गर्दीच अधिक दिसते. डोक्यावरून मेट्रो जाते. ती ह्या भागात 2018 साली सुरू झाली. खाली फळांच्या गाड्या, साड्यांची दुकाने, शिकवणी वर्गांच्या पाट्या आणि खेड्यापाड्यांतून परीक्षांसाठी आलेली हजारो मुले. 21 फेब्रुवारी 2013 रोजी ह्याच रस्त्यावर बॉम्बस्फोट होऊन कित्येक निरपराध माणसे मृत्यू पावली. आज त्याच रस्त्यावर संध्याकाळी पाऊल ठेवावयास जागा नसते. अक्काचे घर मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. वरच्या मजल्यावर मुलींचे वसतिगृह. त्याच मुली तिच्या पहिल्या गिऱ्हाईक!

पहिल्या दिवशी आम्ही मेट्रोने उस्मानिया मेडिकल कॉलेज स्थानकावर उतरून बेगम बाजारात गेलो. तेथे काचेचे पेले, वाती आणि जेल घाऊक भावाने मिळते. जेल हे मेण नव्हेच, हे मला तेथे कळले. निर्मळ खनिज तेलात थोडी राळेसारखी भुकटी विरघळवली की ते थिजून पारदर्शक होते. टेक्सासमधील पेनरेको नावाच्या कंपनीने 1990 नंतरच्या दशकात अशा मेणबत्तीचे पेटंट घेतले. आपल्या वेदीवरील मेणबत्तीस मधमाश्यांच्या मेणाचा केवढा जुना मान आहे! त्यापुढे ही अगदीच कालची पोर.

कृती ऐकावयास सोपी आहे. जाड बुडाच्या पातेल्यात जेल मंद आचेवर वितळवावे. थर्मामीटर शंभर अंशांच्या आसपास आला की पुरे. सुगंध तेलात मिसळणारा हवा, नाहीतर जेल गढूळ होते. वातीवर मेणाचा हात दिलेला नसावा, आणि तिच्या बुडाची चकती उंच मानेची असावी, म्हणजे ज्योत तळाच्या काचेस भिडण्याआधीच विझते. पेले आधी कोमट करून जेल सावकाश, कडेने ओतावे. मी घाई केली. माझ्या पहिल्या सहा पेल्यांत इतके बुडबुडे झाले की दाजी म्हणाले, "ही मेणबत्ती की सोडावॉटर?" पुन्हा वितळवून ओतले, तेव्हा कोठे चार बरे निघाले.

दुसऱ्या आठवड्यात एका दुकानदाराने दिवाळीसाठी साठ पेल्यांची मागणी दिली. पेले पातळ, स्वस्तातले हवेत. पण दिसावयास सुंदर हवेत, अशी त्याची अट. आत वाळलेल्या गुलाबपाकळ्या घालाव्यात ही कल्पना माझी. अक्का कुरकुरली, एरवी ती शिंपले, गारगोट्या, काचेचे मणी ह्यांखेरीज काही घालीत नाही. पण मी आग्रह धरला आणि साठही पेले भरून झाले. खरोखर फार देखणे दिसत होते!

माल देण्याच्या आदल्या रात्री अक्काने त्यांतला एक लावून पाहिला. दोन तास सुरळीत गेले. मग भोवतालचे जेल पातळ होऊन एक पाकळी ज्योतीकडे सरकली व तिने पेट घेतला. दोन ज्योती झाल्या, काच तडकली आणि ऊन तेल टेबलावर पसरले. मी पाण्याचा तांब्या उचलला, तोच अक्का ओरडली, "पाणी नको, भडका उडेल!" तिने पातेल्याचे झाकण घालून ज्वाळा विझवली. मेणापेक्षा जेलची ज्योत अधिक तापते, म्हणूनच जाड काच लागते, हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते.

त्या रात्री आम्ही दोघींनी उरलेले एकोणसाठ पेले रिकामे केले. मागणी गेली. मी खर्चाचा अर्धा वाटा देऊ केला, तर अक्का म्हणाली, "अगं, तो पेला एखाद्या लेकराच्या खोलीत फुटला असता तर काय वाटून घेतले असते?" ह्यापुढे मला काही बोलता आले नाही.

उरलेल्या दिवसांत मी हिशेब शिकले, आणि माझ्या मते तेच खरे शिक्षण. किलोभर जेलात दीडशे ग्रॅमचे सहा पेले भरतात. परंतु जाड पेल्याचाच खर्च जेलपेक्षा अधिक होतो. शहरात वाढदिवसाची भेट म्हणून तो निघतो. आमच्या गावी कोण घेणार? महाबळेश्वरच्या भावेश भाटियांचे उदाहरण अक्का वारंवार देते. दृष्टी गमावलेल्या ह्या गृहस्थांनी मुंबईत मेणबत्त्यांचे शिक्षण घेतले, बाजारात हातगाडी लावली आणि 1994 साली सनराइज कँडल्स हा उद्योग उभारून अनेक अंधांच्या हातांस काम दिले. पण त्यांची गाडी उभी होती ती सहलीच्या गावात, जेथे भेटवस्तू शोधणारी माणसे रोज येतात.

गावी परतल्यावर मी आठही जणींपुढे सर्व सांगितले, पाकळ्यांसह. बराच वेळ कोणी बोलले नाही. अखेर असे ठरले की, आरंभ साध्या मेणाच्या मेणबत्त्यांनी करावा. 2 नोव्हेंबरला कबरींवर लावण्यासाठी आसपासच्या पाच गावांतील लोक त्या जालन्याहूनच आणतात. जेलचे वीसच पेले नाताळसाठी करावेत, जाड काचेचे, आणि प्रत्येक घाण्यातील एक आम्ही स्वतः शेवटपर्यंत जाळून पाहावा. अक्काने दिलेला थर्मामीटर सध्या माझ्या फडताळात कापडात गुंडाळून ठेवला आहे. साचे पुढच्या आठवड्यात येतील.